बाटलीच्या काचेतून शोभेच्या वस्तू: घरच्या भट्टीत काच कशी जोडावी

काच वितळवायला फार अक्कल लागत नाही. ती थंड करताना खरा कस लागतो. माझी पहिली तबकडी भट्टीतून अगदी देखणी निघाली होती, रंगहीन काचेवर हिरव्या काचेचं पान. भिंतीवर टांगली आणि तिसऱ्या रात्री कुणी हातही न लावता टण्‌कन दोन तुकडे झाले.

चूक साधी होती. दोन काचा दोन वेगळ्या बाटल्यांच्या होत्या. काच तापली की प्रसरण पावते, निवताना आकसते, आणि किती आकसायचं हे तिच्या घटकांवर ठरतं. बाटल्या बहुतेक सगळ्या सोडा-लाइम काचेच्याच असतात, तरी घटकांचं प्रमाण थोडं थोडं बदलतं. एकजीव झालेल्या दोन काचा कमीजास्त आकसल्या की ताण आत कोंडून राहतो आणि कधीतरी काच त्याचा हिशेब चुकता करते. म्हणून सुरुवातीला एवढं पाळा: एका वस्तूत एकाच बाटलीची काच. खिडकीची काच घेतलीत तर सगळी एकाच तावातली. ओव्हनमध्ये चालणारी भांडी आणि प्रयोगशाळेतली काच बहुधा बोरोसिलिकेट असते, म्हणजे तापल्यावर फार कमी प्रसरण पावणारी, ती यात मिसळायची नाही. शिसं असलेली क्रिस्टल काचही नको.

स्वयंपाकघरातला ओव्हन इथे कामाचा नाही. तो साधारण २५०-३०० अंशांवर थांबतो आणि आपल्याला ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास जायचं आहे. तापमानाचे टप्पे ठरवून देता येतील अशी लहान विजेची भट्टी लागते. ती हवेशीर जागी, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा.

बाटली धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवा, लेबल सुटेल. उरलेला डिंक खाद्यतेलाने चोळून काढा आणि साबणाने स्वच्छ धुवा. यानंतर काच कडेनेच धरायची. बोटांचे ठसे भट्टीत भाजून कायमचे राहतात.

पहिल्या कामासाठी काच कापत बसू नका, फोडा. गॉगल, जाड हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला. बाटली जाड कापडात गुंडाळून हातोडीने ठोका, चुरा चाळा आणि त्यावरून लोहचुंबक फिरवा, हातोडीचा लोखंडी कीस आला असेल तर निघून जातो. जाडसर खडे वितळल्यावर पारदर्शक दिसतात. बारीक भुकटीत हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात, त्यामुळे ती दुधाळ होते. दोन्ही वेगळं ठेवलं तर एकाच बाटलीतून दोन छटा मिळतात. काचेची धूळ कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. ती फुप्फुसात जाणं चांगलं नाही.

भट्टीच्या फळीवर किल्न वॉशचा, म्हणजे काच फळीला चिकटू न देणाऱ्या भुकटीचा, लेप द्या. पातळ कालवून चार-पाच हात, प्रत्येक हात आधीच्याला आडवा, आणि पूर्ण वाळू द्या. इथे कंटाळा केलात तर काच फळीला अशी चिकटते की दोन्ही टाकून द्यावी लागतात.

आता चुरा गोलाकार रचा. वितळलेली काच पृष्ठताणामुळे साधारण ६ मिमी जाडीवर स्थिरावते. थर त्याहून पातळ असेल तर ती आत ओढली जाऊन भोकं पडतात, जाड असेल तर पसरते. चुऱ्यात मधे हवा असते, म्हणून ढीग ६ मिमीपेक्षा बराच उंच ठेवा. टांगायचं असेल तर नायक्रोम (निकेल-क्रोमियम) तारेचा फास वरच्या कडेला अर्धा चुऱ्यात पुरा. तांब्याची तार काळी पडते.

१० सेंमी तबकडीसाठी मी असं तापवते: ताशी १५० अंशांनी ५५० पर्यंत, तिथे २० मिनिटं. मग ताशी ३०० अंशांनी वर. खडे नुसते एकमेकांना चिकटून उठावदार राहायला हवे असतील तर ७८० अंश, सपाट एकजीव व्हायला हवे असतील तर ८२० अंश, १० मिनिटं. ७०० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात काच फार वेळ रेंगाळली की वर पांढुरकी खरखरीत साय धरते, म्हणून हा टप्पा वर जाताना आणि खाली येताना भरभर ओलांडायचा. भट्टीगणिक आकडे १०-२० अंशांनी सरकतात. प्रत्येक वेळी वहीत नोंद ठेवा.

मग ॲनीलिंग, म्हणजे कोंडलेला ताण सोडवणं. ५५० अंशांवर एक तास थांबा. त्यानंतर ताशी ६० अंशांनी ३७० पर्यंत उतरा, मग भट्टी बंद करून विसरून जा. आत ५० अंशांहून कमी होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. एकदा मी ‘जरासं बघूया’ म्हणून उघडलं होतं. आवाज अजून आठवतो.

निवलेली तबकडी पाण्याखाली धरून लेपाची भुकटी घासून काढा आणि टोचणाऱ्या कडा हिऱ्याची भुकटी बसवलेल्या ओल्या घासणीने (डायमंड पॅडने) गुळगुळीत करा. तिच्यात जेवण वाढू नका, शोभेलाच ठेवा. दोन ध्रुवक (पोलरायझर) फिल्म, म्हणजे एकाच दिशेच्या प्रकाशलहरी जाऊ देणारे पारदर्शक पडदे, काटकोनात धरून मधे काच ठेवली आणि कुठे उजळ कडं दिसलं, तर तिथे ताण राहिला आहे असं समजा.

आणि तडा गेलाच तर तुकडे फेकण्याआधी त्यांच्या कडा बघा. कडा गोलसर असेल तर काच तापताना फुटली होती, म्हणजे सुरुवातीचा वेग कमी करायला हवा. कडा धारदार असेल तर ती निवताना फुटली. एकाच बाटलीची काच असूनही असं झालं, तर पुढच्या वेळी ५५० वर दोन तास थांबा.