वजन काट्यावर दिसतं, कॉम्प्युटरवर येत नाही?

रबाळे एमआयडीसीच्या पट्ट्यात मी ट्रकच्या वजनकाट्यांची सर्व्हिस करते. इंडिकेटरवर, म्हणजे वजन दाखवणाऱ्या डब्यावर, १८,४२० किलो दिसतंय, कॉम्प्युटरवर शून्य; बाहेर भरलेल्या गाड्या उभ्या. अशा घाईत लोक आधी इंडिकेटर उघडायला जातात. कृपा करून उघडू नका, त्यावर वैधमापनचं, म्हणजे सरकारी वजनमापे खात्याचं, सील असतं. शिवाय दोष बहुतेकदा बाहेरच सापडतो.

इंडिकेटरची सिरियल केबल कन्व्हर्टरमधून, म्हणजे सिरियलचं यूएसबी करणाऱ्या अडॅप्टरमधून, कॉम्प्युटरला जाते. ती इंडिकेटरकडून काढा. त्या सुट्या टोकाच्या २ आणि ३ नंबरच्या पिना वायरच्या तुकड्याने जोडा. वजनाचं सॉफ्टवेअर बंद करा, कारण पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. मग पुटी (PuTTY) हा पोर्टवर अक्षरं पाठवणारा आणि आलेली दाखवणारा प्रोग्रॅम उघडा: सिरियल, बॉड रेट (वेग) ९६००, फ्लो कंट्रोल नन, लोकल इको ऑफ. इको चालू राहिला तर पुटी अक्षर स्वतःच दाखवतो आणि तुटकी केबलही चांगली वाटेल. टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर उमटलं, तर कन्व्हर्टर आणि केबलच्या त्या दोन वायरी ठीक आहेत. नाही उमटलं, तर हेच केबलशिवाय थेट कन्व्हर्टरच्या पिनांवर करून बघा.

ग्राउंडची, म्हणजे ५ नंबरची वायर या चाचणीत लागतच नाही. ती तुटलेली असली तरी अक्षरं उमटतात. म्हणून पुढे मल्टिमीटर घ्या. केबल इंडिकेटरला परत लावा, कॉम्प्युटरकडचं टोक मोकळं ठेवा. काळी प्रोब ५ वर, लाल २ वर: साधारण उणे ५ ते उणे १२ व्होल्ट हवेत. ते ३ वर मिळाले, तर केबल चुकीची आहे. सरळच्या जागी क्रॉस (२ आणि ३ अदलाबदल केलेली) हवी, किंवा उलट. दोन्हीकडे शून्य आलं, तर ग्राउंड तुटलाय किंवा इंडिकेटरचा पोर्ट गेलाय.

केबल जोडल्यावर स्क्रीनवर आकडे न येता सगळाच कचरा आला तर बॉड रेट जुळत नाही. पण महाप्यात एकदा ०, ३, ५, ६, ९ स्वच्छ येत होते आणि १, २, ४, ७, ८ बिघडत होते. इंडिकेटर सात बिट, ईव्हन पॅरिटीने (१ ची संख्या सम करणारा एक जादा बिट लावून) पाठवत होता आणि कॉम्प्युटर आठ बिट, नो पॅरिटीने वाचत होता. ज्या आकड्याच्या बायनरी कोडमध्ये १ हा बिट विषम वेळा येतो, त्याचा पॅरिटी बिट आठव्या जागी बसून आकडा बदलतो. हे बिघडणारे पाच आकडे पाठ करा, पॅरिटीची चूक स्क्रीन बघूनच ओळखता येईल.

साफसफाईत कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबीत गेला की त्याचा पोर्ट नंबर कॉम ३ चा कॉम ५ होऊ शकतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नंबर बघून सॉफ्टवेअरमध्ये तोच द्या. मी त्या यूएसबीशेजारी पांढरी टेप लावून नंबर लिहून येते.