एक खोली स्वतः रंगवायची तर

रंगकामातून निवृत्त झालो, पण ओळखीपाळखीचे फोन काही थांबत नाहीत. "काका, एक खोली आम्हीच रंगवली तर जमेल का?" जमेल की! प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. खोली नेहमीची धरली आहे, दहा बाय बारा, आधी रंग लागलेली.

आधी दिवस कुठले धरायचे ते. मुंबईत आणि कोकणात ज्याला त्याला गणपतीच्या आत रंग हवा असतो. आमच्या धंद्याला ते बरं, भिंतीला नाही. श्रावणात भिंत आतून ओली असते. वरून रंग मारला की ओल अडकते आणि दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात. घरमालक शिव्या रंगाऱ्याला घालतो. ऑक्टोबरच्या उन्हाने भिंती खडखडीत होऊ द्या, मग पाऊस येईपर्यंत केव्हाही काम काढा.

शंका असेल तर ओल तपासून पाहा. जाड प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीला लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस तसाच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतच आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर तो हवेतला दमटपणा. ओल भिंतीतली निघाली तर रंगाचा विचार तूर्त सोडा. पलीकडे बाथरूम आहे का, नळ कुठे झिरपतोय का, बाहेरून भेग आहे का, ते शोधा. आतून महागडा वॉटरप्रूफ रंग फासून पाणी थांबत नाही, ते दुसरीकडून डोकं वर काढतं. लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेल्या क्षारांची पांढरी पूड, दिसला तर कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलीत तर तेच क्षार विरघळून परत भिंतीत जातात.

आता सामान. भिंतींचा घेर 44 फूट, उंची 10 फूट, म्हणजे 440 चौरस फूट. दार-खिडकी वजा केली की 400 उरले. रंगाच्या दोन हातांना, म्हणजे दोन थरांना, लिटरमागे किती चौरस फूट होतं ते डब्यावर छापलेलं असतं. ते 120 असेल तर साडेतीन लिटरच्या आत भागतं, 4 लिटरचा डबा घ्यावा. छताचे 120 चौरस फूट वेगळे धरा. मशीनवर बनवलेली शेड एकाच वेळी घ्या. डबे दोन झाले तर दोन्ही एका बादलीत ओतून ढवळा, नाहीतर अर्ध्या भिंतीवर फरक दिसतो.

मग घासकाम. खोली रंगवण्यातला निम्म्याहून जास्त वेळ इथे जातो आणि लोक नेमका इथेच कंटाळा करतात. भिंतीवर तळहात फिरवा. खडूसारखी पूड हाताला लागली तर जुनं डिस्टेंपर खरवडून काढावंच लागेल. सुटलेले पापुद्रे काढा, कडा घासून सपाट करा. दारं-खिडक्यांवर जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं. पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत फिरकू देऊ नका. निघालेला गाळ पुसून पिशवीत बांधा.

खड्डे-भेगांना पुट्टी. तास-दीड तासात संपेल एवढीच कालवा. घट्ट व्हायला लागलेल्या पुट्टीत पाणी घालून पुन्हा मऊ केली तर ती धरत नाही. एका जाड थरापेक्षा दोन पातळ हात बरे. वाळली की दिवा बंद करून टॉर्च भिंतीला लागून आडवी धरा. दिवसा गुळगुळीत वाटणाऱ्या भिंतीवर पुट्टी ओढायच्या पत्र्याच्या रेघा आणि उंचवटे लख्ख दिसतात. ते आत्ताच घासा. रंग लागल्यावर ते झाकले जात नाहीत, उलट उठून दिसतात. नंतर धूळ पुसायची आणि प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, एक हात मारून रात्रभर सोडायचं.

रंग छतापासून सुरू करा, मग भिंती, दारं-खिडक्या शेवटी. स्विचबोर्डच्या पट्ट्या काढायच्या असतील तर आधी मेन बंद. प्लास्टिकच्या स्टुलावर स्टूल चढवून छत रंगवणारे पाहिलेत. त्यापेक्षा शेजाऱ्यांकडून शिडी मागा.

पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच आणि दर वेळी त्याच मगाने मोजून. अंदाजपंचे घातलंत की एक भिंत गडद, एक फिकी. जुन्या पातळ सुती फडक्यातून रंग गाळून घ्या. नवा रोलर आधी धुऊन वाळवा, नाहीतर त्याचे धागे भिंतीला चिकटतात.

पंखा बंद, खिडकी उघडी. दोन इंची ब्रशने एकाच भिंतीची कटिंग, म्हणजे कडा-कोपऱ्यांची पट्टी, मारा आणि ती ओली असतानाच रोलर फिरवा. चारही भिंतींची कटिंग आधी उरकून ठेवलीत तर कोपऱ्याकोपऱ्यात चौकट उमटते. भिंत सुरू केली की ती पुरी करूनच चहाला बसा. शेवटचा हात सगळीकडे एकाच दिशेने, हलका, न दाबता.

पहिला हात वाळताना भिंत ठिगळं लावल्यासारखी दिसते. घाबरून मध्येच ब्रशने डाग झाकायला जाऊ नका. चार-सहा तासांनी दुसरा हात बसला की ती एकसारखी होते. कडेला टेप लावली असेल तर ती रंग पुरता कडक व्हायच्या आत हळूच ओढा. उरलेला रंग लहान बाटलीत काठोकाठ भरा आणि वर शेडचा नंबर लिहा. पुढे खिळा काढलात की तेवढाच लागतो.