मोटरहोमच्या गॅसवर बाहेरची ग्रिल जोडताय? आधी रेग्युलेटर मोजा

मी पहिल्यांदा जोडली तेव्हा सगळं कसं झटक्यात झालं होतं. मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, अंगाला बाहेरून गॅसचं पितळी सॉकेट होतंच, नळी आणली, एक टोक तिथे टक् करून बसवलं, दुसरं ग्रिलला फिरवलं, चावी उघडली, लायटर दाबला आणि ज्योत आली ती पणतीएवढी. अर्धा तास झाकण लावून ठेवलं तरी जाळी नुसती कोमट. आधी वाटलं टाकी संपली, पण आतली शेगडी तर फुरफुरत होती, मग वाटलं नळी तुंबली, मग ग्रिललाच शिव्या घातल्या. बिघाड कशातच नव्हता, गॅसच्या वाटेत एकाऐवजी दोन रेग्युलेटर बसले होते एवढंच. म्हणून नळी विकत घ्यायच्या आधी हे एक कोडं सोडवा, बाकी काम तसं सोपं आहे.

टाकीत प्रोपेन द्रव असतो आणि त्याच्या वर वायू. त्या वायूचा दाब टाकी किती भरली यावर नाही, तर हवा किती गरम यावर ठरतो, म्हणजे २० अंश सेल्सिअसला साधारण ७ बार, ४० अंशाला १२ च्या पुढे, आणि शून्याला ४ बारच्या खाली. शेगडी, फ्रिज, हीटर यांना लागतो मात्र त्याच्या अडीचशेव्या हिश्शाएवढा. अमेरिकी बनावटीच्या गाड्यांमध्ये हा दाब ११ इंच वॉटर कॉलम असा सांगतात. म्हणजे यू आकाराच्या नळीत पाणी भरून एका बाजूला गॅस सोडला तर दुसऱ्या बाजूचं पाणी ११ इंच वर राहील, फूटपट्टीपेक्षा इंचभर कमी, बस्स. मिलीबारमध्ये, म्हणजे बारच्या हजाराव्या भागात, सांगायचं तर २७ च्या आसपास. युरोपातल्या हल्लीच्या गाड्यांत ३० मिलीबार असतो, म्हणजे जवळपास तेच. हे सगळं उतरवण्याचं काम टाकीजवळचा मोठा रेग्युलेटर करतो, तोही दोन टप्प्यांत, पण डब्बा एकच असल्यामुळे आपण तो एकच धरायचा.

आता गाडीच्या बाहेरचं ते क्विक कनेक्ट, म्हणजे नळी टक् करून बसणारं, सॉकेट बहुतेक गाड्यांत या मोठ्या रेग्युलेटरच्या पुढे असतं, म्हणजे तिथून निघणारा गॅस आधीच कमी दाबाचा. आणि बाजारातली छोटी पोर्टेबल ग्रिल बनवलेली असते हिरव्या किंवा काळ्या छोट्या बाटलीवर चालायला, त्या बाटलीतला दाब टाकीइतकाच, म्हणून ग्रिलला स्वतःचा रेग्युलेटर असतो. त्या रेग्युलेटरला समोरून भरपूर दाब हवा असतो. त्याला आधीच उतरवलेला गॅस दिला की पुढे जेमतेम काहीतरी झिरपतं. तीच माझी पणती.

तर मग दोन वाटा आहेत, आणि कुठली घ्यायची हे तुमच्या ग्रिलवर ठरतं.

ग्रिलच्या मागे किंवा बुडाला एक प्लेट नाहीतर स्टिकर असतो, त्यावर दाब लिहिलेला असतो, आधी तो वाचा. ११ इंच किंवा २८-३० मिलीबार असं काही लिहिलं असेल तर बर्नरचा जेट (गॅस बाहेर पडायचं बारीक भोक असलेला तुकडा) गाडीच्या दाबालाच बनवलाय, मधला रेग्युलेटर काढला की काम झालं. पण कॅम्पिंगच्या काही शेगड्या आणि ग्रिल अशा असतात की त्यांचा रेग्युलेटर गॅस काही पीएसआयवर, म्हणजे गाडीपेक्षा बऱ्याच जास्त दाबावर, आणून सोडतो आणि जेटचं भोक त्या हिशोबाने बारीक असतं. तिचा रेग्युलेटर काढून गाडीला लावली तरी ज्योत मरतुकडीच राहणार, कारण कमी दाबाचा गॅस त्या बारीक भोकातून पुरेसा निघतच नाही. जेट ड्रिल मारून मोठा करायचे सल्ले लोक देतात, माझं स्पष्ट मत, करू नका, अर्धा मिलिमीटर इकडे तिकडे झालं की ज्योत कशीही वागते. युरोपात वेगळीच गंमत, जर्मनीत घरगुती बागेतल्या ग्रिल ५० मिलीबारच्या मिळतात आणि गाडी ३० ची, त्यामुळे दुकानात फोटो बघून उचलली तर तीही गाडीवर अर्धपोटी जळते.

पहिली वाट, कमी दाबाची. ग्रिलचा रेग्युलेटर काढायचा आणि त्याजागी गाडीच्या सॉकेटची नळी बसवायची. सगळ्यात बरं म्हणजे मुळातच मोटरहोमसाठी बनवलेली, रेग्युलेटर नसलेली ग्रिल घ्या, किंवा त्या त्या ग्रिलसाठी कन्व्हर्जन किट मिळतं ते घ्या. काही ग्रिलमध्ये रेग्युलेटर, नॉब आणि जेट हे तिन्ही एकाच तुकड्यात असतात, तो तुकडा काढला की ज्योत लहानमोठी करायची सोयही गेली आणि जेटही गेला, त्यामुळे नुसती नळी घुसवून चालत नाही, किटमध्ये जेट आणि व्हॉल्व्ह दोन्ही आहेत ना ते बघून घ्या. आणि हो, कंपनीची वॉरंटी यात बहुतेक वेळा जाते, ते मनाशी धरून चाला.

एकदा रेग्युलेटर काढला की त्या ग्रिलला परत कधीही बाटली लावायची नाही, आणि खाली सांगतोय त्या टाकीजवळच्या टी (तीन तोंडांचा जोड) वरही नाही. सात बारचा गॅस सरळ बर्नरमध्ये गेला तर ज्योत नाही, भडका होतो, माणूस भाजतो. मी ग्रिलच्या झाकणाच्या आत मार्करने मोठं लिहून ठेवलंय, "फक्त गाडीचा गॅस". आपल्याला आठवतं हो, पण ग्रिल उसनी नेणाऱ्याला काय माहीत.

दुसरी वाट, जास्त दाबाची, म्हणजे ग्रिलला हातच लावायचा नाही. अमेरिकी मोटरहोमची टाकी सहसा गाडीच्या चौकटीला कायमची बसवलेली असते, तिचा व्हॉल्व्ह आणि मोठा रेग्युलेटर यांच्या मधोमध एक पितळी टी बसवतात. या टी ला एक तोंड छोट्या बाटलीच्या आट्यांचं असतं, त्यावर जास्त दाबाची नळी लावली की ग्रिलला वाटतं बाटलीच लावली आहे, तिचा स्वतःचा रेग्युलेटर नेहमीसारखं काम करतो. मला स्वतःला हीच वाट जास्त आवडते कारण बाटलीवर चालणारी कुठलीही शेगडी चालते आणि जेटबिटचं डोकं लावावं लागत नाही. तोटा एवढाच की नळीभर पूर्ण दाबाचा गॅस जमिनीवरून जातो, म्हणून नळी जास्त दाबाचीच हवी, पायात येणारी नको, आणि काम झालं की टाकीपाशी बंद. टी बसवताना एक लक्षात ठेवा, टाकीच्या जुन्या धर्तीच्या पीओएल जोडाचे आटे उलटे असतात, नेहमीच्या उलट दिशेने फिरवल्यावर सुटतात. मी एकदा सवयीने फिरवत बसलो आणि वर पाइपचा तुकडा घालून जोर काढणार होतो, नशिबाने तेवढ्यात आठवलं.

गाडीला सॉकेटच नसेल आणि लाइन कापून नवीन काढायची असेल तर मात्र गॅसचं काम करणाऱ्या माणसालाच बोलवा. तिथे फक्त जोड घट्ट करून भागत नाही, सगळ्या लाइनचा दाब धरून ठेवायची टेस्ट घ्यावी लागते, ती मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं.

नळीबद्दल थोडं. एलपी गॅस असं छापलेलीच घ्या. हवेच्या कॉम्प्रेसरचं क्विक कनेक्ट दिसायला अगदी जुळं भावंडं वाटतं, ते वापरू नका, त्यातलं रबर गॅससाठी नसतं आणि चावीचं कुलूपही नसतं. गॅसच्या चांगल्या सॉकेटमध्ये प्लग पूर्ण बसल्याशिवाय चावी उघडतच नाही आणि चावी उघडी असेल तर प्लग निघत नाही, हीच तर त्याची किंमत. लांबी साडेतीन-चार मीटर पुरे होते. नळी गाडीच्या आतून, खिडकीतून, किंवा स्लाइडआउटच्या (गाडीच्या बाहेर सरकणाऱ्या भागाच्या) खालून न्यायची नाही, स्लाइडआउट आत घेताना चिरडली तर कळणारही नाही.

जोडताना टेपची गडबड बरेच जण करतात. निमुळते आटे असतील तिथे गॅसची पिवळी टेप लावा, पहिला एक आटा मोकळा सोडून, नाहीतर टेपचा तुकडा आत जाऊन जेटमध्ये बसतो. फ्लेअर जोड, म्हणजे जिथे शंकूसारखं पितळ पितळावर बसतं, तिथे टेप अजिबात नाही, तिथे धातूच धातूला घट्ट बसतो आणि टेपने उलट गळती होते. दोन पाने वापरा, एकाने धरा, दुसऱ्याने फिरवा.

मग साबण. भांड्यांचा साबण पाण्यात चांगला घट्ट कालवा आणि जुन्या ब्रशने प्रत्येक जोडाला लावा, नळीच्या दोन्ही टोकांना, सॉकेटच्या कॉलरला, टी च्या तिन्ही तोंडांना. ग्रिलचा नॉब बंद, गाडीची चावी उघडी. आता घाई करू नका, मिनिटभर बघत बसा. मोठी गळती लगेच फुगे काढते पण बारीक गळती आधी दिसत नाही, जोडाच्या कडेला पांढऱ्या फेसाची बारीक रांग हळूहळू वाढायला लागते, मोहरीएवढे बुडबुडे एकाला एक चिकटून. माझ्या पहिल्या जोडात तेच निघालं, वास अजिबात नव्हता. काडी पेटवून बघणारे अजूनही भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा. झालं की साध्या पाण्याने पुसून घ्या.

पेटवायची पद्धत ठरवून टाका. झाकण उघडं, नॉब बंद, प्लग बसवा, गाडीची चावी हळू उघडा, मग नॉब, मग लायटर. पहिल्यांदा नळीत हवा असते त्यामुळे लगेच पेटत नाही, पाच सेकंदात नाही पेटलं तर नॉब बंद करून चार-पाच मिनिटं थांबा, टकटक करत बसू नका. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो, तो वर उडून जात नाही, ग्रिलच्या भांड्यात आणि गाडीच्या पायथ्याशी साचून राहतो. गाडीतला गॅसचा डिटेक्टर जमिनीलगत बसवलेला असतो तो याचसाठी. विझवताना उलटं, आधी गाडीची चावी बंद, नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप गेली की नॉब बंद.

ग्रिल ठेवायची कुठे, तर नळी पुरेल तितकी लांब. गाडीच्या भिंतीला चिकटवून नाही, ऑनिंगखाली (बाहेर ओढायच्या कापडी छताखाली) नाही, फ्रिजच्या बाहेरच्या जाळीसमोर किंवा उघड्या खिडकीखाली तर नाहीच, धूर आणि कार्बन मोनॉक्साइड आत जातो. पाऊस आला तर बंद करा, आत आणून चालू ठेवायचा विचारही नको.

ज्योत निळी आणि टोकाला जरा पिवळसर असली की ठीक. सगळीच पिवळी, लोंबती आणि भांडी काळी करणारी असेल तर हवा कमी पडतेय, बऱ्याचदा बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळं असतं. महिनाभर ग्रिल पडून असली की हमखास. बाटली धुवायचा लांब ब्रश घालून एकदा फिरवला की ज्योत परत निळी. बाकी गॅसचं म्हणाल तर १२,००० बीटीयूची (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं एकक) ग्रिल पूर्ण फुल ठेवली तर तासाला पाव किलोच्या आसपास खाते, गाडीच्या टाकीला ते काहीच नाही. पण थंडीत आतला हीटरही चालू असेल आणि ग्रिल एकदम मंदावली तर लाइनवर एकाच वेळी दोघांचा भार पडतोय, जरा वेळ हीटर बंद करून बघा, लगेच कळेल.

निघताना नळी काढली की सॉकेटवर रबरी टोपी लावायला विसरू नका, नाहीतर रस्त्याची धूळ आत जाऊन बसते आणि पुढच्या वेळी कॉलर अडकते. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करूनच गाडी हलवा. नळीच्या दोन्ही तोंडांना मी प्लास्टिकची पिशवी आणि रबरबँड लावतो, दिसायला गचाळ दिसतं पण एकदा त्या नळीतून गांधीलमाशीने केलेलं मातीचं घर बाहेर काढलंय मी, तारेने खरवडत.