जिप्सीचे पाटे उतरवण्याआधी

जिप्सी स्टँडवर चढलेली, पुढचा पाटा (लीफ स्प्रिंग) निम्मा सुटलेला आणि शॅकलचा, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीचा, बोल्ट बुशच्या (रबरी अस्तराच्या) लोखंडी नळीत गंजून एकजीव झालेला. रविवारी संध्याकाळी साताऱ्यात तसला बोल्ट कुठं शोधणार? घरच्या घरी पाटे आणि स्टीअरिंगचे जोड बदलताना काम बहुतेक वेळा इथंच अडतं, म्हणून ही सगळी तयारी पहिला नट सैल करण्याआधीची आहे. इथं मारुती जिप्सी धरली आहे: चारही बाजूंना पाटे, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल. जुन्या पाटेवाल्या जीपलाही बरंचसं लागू पडेल. पुढे टॉर्शन बार असलेल्या थारचं गणित वेगळं.

सामान मागवण्याआधी प्ले (जोडातला ढिलेपणा) नेमका कुठं आहे ते शोधा, नाहीतर चांगले भाग बदलले जातात आणि खराब तसाच राहतो. चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एकानं स्टीअरिंग डावी-उजवीकडं थोडं थोडं हलवत राहायचं, दुसऱ्यानं खाली एकेका जोडावर हात ठेवायचा: पिटमन आर्म (स्टीअरिंग बॉक्समधून निघणारा दांडा), ड्रॅग लिंकची (तिथून चाकांकडं जाणाऱ्या दांड्याची) दोन टोकं, टाय रॉडची (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची) दोन टोकं. जोडाचे दोन भाग वेगवेगळे हलले तर हाताला लगेच कळतं. स्टीअरिंग बॉक्स चेसिसला जिथं बोल्टनं बसतो तिथला चिखल तारेच्या ब्रशनं काढून तडा शोधा. मग पुढचं चाक उचला आणि वर-खाली धरून हलवा. प्ले लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेकनं प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिनची (चाक ज्यावर वळतं त्या खिळीची) बेअरिंग. ही तपासणी टाळून थरथरणाऱ्या चाकांवर नवा स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे झटके शोषणारा शॉकअप) बसवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. डॅम्पर थरथर दाबतो, तिचं कारण तसंच वाढत राहतं.

आता सामान. यू-बोल्ट (पाटा अ‍ॅक्सलला आवळणारे U आकाराचे बोल्ट) प्रत्येक पाट्याला दोन, म्हणजे आठ, आणि त्यांचे सोळा नट. हे नवेच घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तसा आवळ धरत नाही. बुश दोन तुकड्यांचे असतील तर एका पाट्याला सहा, चार पाट्यांना चोवीस. शॅकलचे आणि पक्क्या बाजूचे (पाट्याच्या न झुलणाऱ्या टोकाचे) बोल्ट सगळे नवे जवळ ठेवा, जुने कापावे लागणार असं धरूनच चाला. टाय रॉड एंड (टाय रॉड आणि ड्रॅग लिंकच्या टोकांचे जोड) चार, प्रत्येकासोबत नवी स्प्लिट पिन. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात. दुकानात दोन्ही टोकं हातात घेऊन आटे बघा, दोन सारखीच बांधून दिली जाण्याचा घोळ हमखास होतो. नव्या पाट्याच्या सेंटर बोल्टचं (पाट्याच्या पट्ट्या मधोमध जोडणाऱ्या बोल्टचं) डोकं जुन्याशी कॅलिपरनं जुळवा. ते अ‍ॅक्सलवरच्या बैठकीच्या भोकात घट्ट बसलं नाही तर अ‍ॅक्सल मागे-पुढे सरकतो आणि गाडी तिरकी चालते.

उंची वाढवायची असेल तर ४० ते ५० मिलिमीटरवर थांबा. तेवढ्यासाठीही चार गोष्टी आधी मोजाव्या लागतात. चेसिस उचलून चाकं पूर्ण लोंबू द्या आणि ब्रेकचा रबरी होज, अ‍ॅक्सलची ब्रीदर (हवा जाण्या-येण्याची) नळी, शॉकअपची लांबी व प्रोपेलर शाफ्टचा (अ‍ॅक्सलला ताकद नेणाऱ्या दांड्याचा) सरकणारा जोड बघा. एकही ताणला जाता कामा नये. मागे लोड-सेन्सिंग व्हॉल्व्ह (वजनानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा) असेल तर उंची वाढल्यावर तो गाडी रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी देतो, त्याची सेटिंग बदलावी लागते. नुसते लांब शॅकल लावण्याचा स्वस्त मार्ग पुढच्या बाजूला टाळाच. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, अ‍ॅक्सलचा माथा पुढे झुकतो आणि कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. स्टीअरिंग आपणहून सरळ होत नाही, महामार्गावर गाडी भरकटते. त्यावर उपाय म्हणून पाटा आणि बैठकीच्या मध्ये पाचरीसारखी शिम घालतात, जाड बाजू पुढे. पण मग डिफरन्शियलचं तोंड (जिथं प्रोपेलर शाफ्ट जोडतो) खाली वळतं आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारे बदल चालत नाहीत, म्हणून पैसे भरण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडं विचारून घ्या.

जागा कोब्याची हवी. पेव्हर ब्लॉकवर किंवा मुरुमावर स्टँडचे पाय रुततात. तिथं फूटभर चौरस, १८ मिलिमीटर जाडीचे प्लायचे तुकडे खाली घाला. दोन-तीन टनांचा ट्रॉली जॅक, चार स्टँड, दोन लाकडी ठोकळे, टॉर्क पाना (ठरावीक जोरानं आवळणारा), बॉल जॉइंट पुलर (स्टीअरिंगचे जोड ओढून काढणारा), दोन जड हातोडे, कटिंग ब्लेडसह ग्राइंडर. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. आठवडाभर आधीपासून रोज प्रत्येक बोल्टवर पेनिट्रेटिंग ऑइल (गंज सैल करणारं तेल) मारा. कासच्या बाजूला फिरलेल्या गाडीच्या शॅकलमध्ये तांबडी माती सिमेंटसारखी बसलेली असते. बुश गॅसनं तापवू नका, शेजारी पेट्रोलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या आहेत. सर्व्हिस मॅन्युअलमधले टॉर्कचे आकडे कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

जुन्या टाय रॉडची लांबी मध्यापासून मध्यापर्यंत मोजून लिहा, एंड काढताना फेरेही मोजा. पाटे एका वेळी एकच, अ‍ॅक्सलला जॅकचा आधार देऊन. दोन्ही बाजू एकदम सोडल्या तर अ‍ॅक्सल गोल फिरतो. यू-बोल्ट तिरपे, आलटून-पालटून आवळा. शॅकलचे आणि पक्क्या बाजूचे नट मात्र हातानं बसवून सोडा. गाडी खाली उतरवा, बंपरवर उभं राहून चार-पाच वेळा दाबा, वजन चाकांवर असतानाच शेवटचा टॉर्क द्या. लोंबत्या चाकांवर आवळलेले रबरी बुश कायम पिळलेले राहतात आणि काही महिन्यांत फाटतात.

पहिली फेरी यवतेश्वरच्या घाटात नको. सपाट रस्त्यावर, हळू, ब्रेक तपासत थेट अलाइनमेंटला न्या. शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासा, ५०० नंतर परत एकदा. नट आणि यू-बोल्टच्या टोकावर पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढून ठेवा. नट सरकला की रेघ तुटलेली दिसते.