मॉलमधील वीज, कचरा आणि माणसे: इंदूरच्या गाळेधारकांसाठी व व्यवस्थापकांसाठी

अनेक मॉलमध्ये वातानुकूलनाचा खर्च गाळ्याच्या चौरस फुटांनुसार देखभाल शुल्कात वाटला जातो. त्यामुळे दार सताड उघडे ठेवणाऱ्या दुकानदाराला आणि काटकसर करणाऱ्याला सारखाच भार पडतो व बचत करण्याचे कारण कोणालाच उरत नाही. म्हणून सुधारणेचा आरंभ छतावरील सौर पॅनेलांपासून नव्हे, तर भाडेकराराच्या नूतनीकरणापासून करावा, असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक गाळ्याला स्वतंत्र उपमीटर बसवावा, केंद्रीय शीतकरणाचा वापर बीटीयू मीटरने (गाळ्याने किती थंडावा घेतला ते मोजणाऱ्या मीटरने) मोजावा आणि आकारणी त्या मोजणीप्रमाणेच होईल, असे कलम करारात घालावे. तापमान २४ अंशांवर ठेवावे. वातानुकूलन यंत्राचे तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतो.

मोजून घेण्याची हीच रीत कचऱ्याला लावावी. इंदुरात घराघरांतून कचरा सहा प्रकारांत वेगळा दिला जातो आणि देवगुराडिया येथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या बायो-सीएनजी (ओल्या कचऱ्यापासून इंधन वायू बनवणाऱ्या) प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची आहे. मात्र ओल्या कचऱ्यात प्लास्टिकचे चमचे व पाकिटे मिसळली, की पुढच्या प्रक्रियेत अडथळा येतो. फूड कोर्टात स्टीलची ताटे-वाट्या आणि त्यांच्यासाठी सामाईक धुण्याची जागा ठेवावी. प्रत्येक दुकानाचा कचरा वजन करूनच स्वीकारावा आणि न वेगळा केलेला परत पाठवावा. तळणीचे वापरलेले तेल नाल्यात न सोडता बायोडिझेलसाठी ते गोळा करणाऱ्या अधिकृत संस्थेला द्यावे.

पाण्याविषयी एवढेच, की इंदूरला नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरील जलूदहून उपसून आणावे लागते, तर १,००० चौरस मीटर छतावर पडणारा एक मिलिमीटर पाऊस १,००० लिटर पाणी देतो. ते गाळून जमिनीत मुरवावे किंवा साठवावे, आणि शौचालयांत व शीतकरण मनोऱ्यांत प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरावे.

माणसांचा प्रश्न याहून नाजूक आहे. दिवसभर उभ्या असणाऱ्या विक्रेत्या मुलींना गिऱ्हाईक नसताना बसण्यासाठी स्टूल देण्याचे बंधन करारातच असावे. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले, परंतु दहा-बारा माणसांची दुकाने या अटीबाहेरच राहतात. तेव्हा सर्व गाळेधारकांनी मिळून एक पाळणाघर चालवावे आणि सफाई कामगार व पहारेकरी यांच्या मुलांनाही तेथे जागा द्यावी. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण १:१२ पेक्षा (म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी) तीव्र नसावे. दिवाळीपूर्वीच्या पंधरवड्यात तळमजल्यावरील मोकळी जागा फराळ विकणाऱ्या महिला बचत गटांना भाडे न घेता द्यावी आणि त्यांच्या नोंदी आषाढ-श्रावणातच घ्याव्यात, म्हणजे त्यांना कच्चा माल वेळेवर भरता येईल.