नवी मुंबईत ड्रोन उडवण्याआधी

बॅटरी चार्जिंगला लावण्याच्याही आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा उघडा. आपली जागा हिरव्या भागात असेल तर ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची लागते आणि लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचंच नाही. 'पूर्वी इथेच उडवायचो' हे कारण आता चालणार नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मोकळीक २०० फुटांपर्यंतच आहे, त्याहून जवळ तर बहुतेक ठिकाणी परवानगीचाच प्रश्न येतो. उलवे, बेलापूर, खारघरच्या लोकांनी हे नीट पाहावं. पोलीस आयुक्तालयाचा ड्रोनबंदीचा आदेश लागू आहे का, तेही त्याच दिवशी तपासा.

मग कागदपत्रं. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ड्रोनची नोंदणी करून त्याचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, किंवा निव्वळ हौसेसाठी २ किलोपर्यंतचा मायक्रो असेल, तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही.

उंचीचा हिशोब मात्र बहुतेकांचा चुकतो. रिमोटवर दिसणारी उंची आपण जिथून उडवला तिथून मोजलेली असते, नियमातली जमिनीपासून. वीस मजली इमारतीच्या गच्चीवर रिमोट शून्य दाखवतो तेव्हा ड्रोन सुमारे २०० फुटांवर असतोच. म्हणून गच्ची टाळा, मोकळं मैदान गाठा. गच्चीच्या स्लॅबमधल्या सळ्यांनी होकायंत्रही बिघडतं. संपर्क तुटला की ड्रोन ज्या उंचीवरून आपोआप परततो, ती 'घरी परतण्याची उंची' आसपासच्या सगळ्यात उंच टॉवरपेक्षा जास्त ठेवा. ती मर्यादेत बसत नसेल तर तिथे उडवूच नका.

सोसायटीच्या आवारात उडवायचा असेल तर सेक्रेटरींना आणि वॉचमनकाकांना आधी सांगा, व्हॉट्सॲप ग्रुपवर वेळ टाका. खिडक्या-बाल्कन्यांच्या समोर ड्रोन थांबवू नका. चित्रीकरण चालू नसलं तरी आतल्या बाईला ते कसं कळणार? तिची भीती खरी असते, आणि तिनं तक्रार केली तर ती रास्तच आहे.

नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर फ्लेमिंगो असतील तेव्हा तिकडे ड्रोन नकोच. ठाणे खाडीतलं अभयारण्य २०१५ पासून संरक्षित आहे, २०२२ पासून रामसर स्थळही. ड्रोनच्या आवाजानं थवा उडाला की चरायचा वेळ जातो, शक्ती वाया जाते, आणि आसपासच्या उच्च दाबाच्या तारांवर पक्षी आदळण्याचा धोका असतो. एका फोटोसाठी हे मला अजिबात पटत नाही. घार झेपावू लागली तर लगेच उतरवा.

शेवटी पंख्याच्या पात्यांना चीर नाही ना ते बघा, जीपीएसचे पुरेसे उपग्रह मिळेपर्यंत थांबा. दुपारनंतर खाडीकडून वारा जोर धरतो, तेव्हा जाताना आधी वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे कमी बॅटरीवर परतताना वारा पाठीशी असेल.