तळ्याला वळसा घालायचाय? आधी ओढ्याचं बघा

डोंगरातल्या तळ्याचा पलीकडचा काठ डोळ्यांसमोरच असतो, म्हणून वळसा सोपा वाटतो. पण सरळ रेषेत दोन किलोमीटरवर दिसणारा काठ वाटेने चार-पाच किलोमीटर निघतो, आणि कडा थेट पाण्यात उतरलेला असेल तर वाट त्याच्या डोक्यावरून चढून जाते. म्हणून नकाशावर लांबीबरोबर एकूण चढही मोजा. ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक, हा स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथचा १८९२ सालचा हिशेब अजून चालतो. मात्र त्यात थांबे धरलेले नाहीत. १२ किलोमीटर आणि ३०० मीटर चढ असेल तर हिशेबाने तीन तास होतात, तुम्ही चार धरा. तळं खोलगटात असल्यामुळे ऊन सूर्यास्ताच्या बरंच आधी डोंगराच्या धारेमागे जातं. हेडटॉर्च दिवसाच्या चालीलाही सॅकमध्ये हवाच.

कोणत्या बाजूने निघायचं, हे बहुतेक जण वाहनतळावर पोचल्यावर ठरवतात. ते घरीच ठरवा. तळ्याला पाणी आणणारे ओढे वितळत्या बर्फाचे असतील तर ते सकाळी उतरलेले असतात आणि दुपारनंतर फुगतात. त्यामुळे ज्या बाजूने ओढा लवकर लागतो, ती बाजू आधी घ्या. समजा, वरच्या १२ किलोमीटरच्या वळशात ओढा तिसऱ्या किलोमीटरला आहे. तो ओलांडता आला नाही तर तीन किलोमीटर मागे यावं लागेल. उलट्या बाजूने गेलात तर तोच ओढा नवव्या किलोमीटरला लागेल आणि नऊच्या नऊ किलोमीटर परत तुडवावे लागतील, तेही अंधार पडता पडता.

ओढ्यात उतरण्याआधी सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकून टाकता येते. मोजे काढून ठेवा, बूट मात्र पायातच असू द्या. अनवाणी पाय गोट्यांवर टिकत नाही. तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच पाऊल. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर येत असेल तर सरळ मागे फिरा.

बूट आधी वापरून सैल झालेले असावेत. ओढ्याच्या मुखाशी दलदल आणि कड्याखाली सुट्या दगडांचा घसारा असतो, त्यामुळे घोट्यापर्यंतचे बूट बरे. लोकरीच्या मोज्यांचा दुसरा जोड घ्या, सुती नको. टाच चुरचुरली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर तिचा उपयोग निम्माही राहत नाही.

शेजारी एवढं पाणी असलं तरी ते तसंच पिऊ नये. २००० मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळून उकळा. क्लोरीनच्या गोळीला साधारण अर्धा तास लागतो, बर्फगार पाण्यात त्याहून जास्त, आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी तिला दाद देत नाही. पोकळ धाग्यांचा फिल्टर गोठला तर आतून फुटतो आणि बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून गारठ्यात तो अंगावरच्या खिशात ठेवा.

दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, वारा वेगळाच. विंडचीटर आणि एक गरम थर घ्या. टोपी आणि सनस्क्रीनही घ्या, कारण उंचीवर ऊन जास्त भाजतं आणि बर्फाचे पट्टे असतील तर हनुवटीच्या खालूनही.

वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला तर पाण्यापासून आणि धारेपासून दूर व्हा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झटकन बसते. शिट्टी खांद्याच्या पट्ट्याला अडकवा. मदत हवी असेल तर मिनिटात सहा फुंका, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा. घरी ठेवायच्या चिठ्ठीत परतीच्या वेळेबरोबर उजवीकडून निघालात की डावीकडून, तेही लिहा. शोधायला येणाऱ्यांना पहिला निर्णय तोच घ्यावा लागतो.